वियोग, मौन आणि स्मरण

॥ श्रीचक्रधराय नमः ॥

काही वर्षांपूर्वी पैठणच्या वाटेवरील एका गावी भिक्षेच्या निमित्ताने जाणे झाले असता एका वासनिक कुटुंबाची भेट घडली. त्या घरातील कर्ता मुलगा तीनच महिन्यांपूर्वी अपघाताने गेला होता. त्याची माता ओसरीवर येऊन बसली आणि तिने एकच प्रश्न विचारला, ‘बाबा, रडले तर मोह म्हणतात, न रडले तर काळीज दगडाचे म्हणतात. मी काय करावे?’ प्रस्तुत लेखकाने त्या वेळी तिला जे उत्तर दिले ते शास्त्रदृष्ट्या सर्वथैव योग्य होते. जीव हा अनादी आहे, कर्मपरत्वे त्याचे संसरण अखंड चालले आहे, या देहसंबंधाने जोडलेली नाती देहाबरोबरच संपतात. तेव्हा शोक हा मोहच होय, यास्तव मौन धरून नामस्मरण करावे, असे ते उत्तर होते. त्या मातेने दंडवत केला आणि ती आत गेली.

पुढील वर्षी पुनः त्याच गावी जाणे झाले. तिच्या यजमानांनी सांगितले, ‘बाबा, त्या दिवसापासून ती कुणाशी बोलतच नाही. नाम घेते की नाही तेही कळत नाही.’ ते ऐकून लेखकाला स्वतःच्या वचनाची लाज वाटली. वचन खोटे नव्हते. परंतु जे मौन साधकाला वाट दाखवते आणि जे मौन दुःखिताचे दार बाहेरून लावून घेते, त्या दोहोंतील भेद लेखकाने त्या दिवशी विचारात घेतला नव्हता. तो भेद समजून घेण्याचा प्रयत्न म्हणून हा लेख साधनवंतांपुढे व सद्भक्त वासनिकांपुढे ठेवीत आहे.

पूर्वपक्ष

प्रथम विरुद्ध पक्षाचे म्हणणे नीट मांडणे अवश्य आहे, कारण ते दुर्बळ नाही.

पहिला आक्षेप असा की, शोक हा ममत्वाचा परिणाम आहे. ज्याला आपण ‘माझे’ म्हटले त्याच्या जाण्याने दुःख होते. परक्याच्या जाण्याने होत नाही. सर्वज्ञांनी निवृत्तीच्या मार्गावर पाऊल ठेवणाऱ्यास ममत्वाचाच त्याग सांगितला. मग शोकाला मार्गात स्थान कोठून असणार?

दुसरा आक्षेप असा की, आचारधर्मात अटन, विजन व भिक्षा यांचे महत्त्व वारंवार सांगितले आहे. आपणास कोणी ओळखू नये अशा ठिकाणी, झाडाखाली, एकाकी राहून परमेश्वराचे चिंतन करावे, असे ते शासन आहे. जेथे ओळखही नको तेथे दुःख सांगण्यासाठी माणूस शोधणे हे विहित कसे ठरेल?

तिसरा आक्षेप असा की, दुःखातून मनुष्य काव्य करतो, ग्रंथ लिहितो, स्मारक उभारतो. परंतु त्या निर्मितीच्या मुळाशी बहुधा अहंकारच असतो. आपले दुःख लोकांना दिसावे, आपले नाव मागे राहावे, ही इच्छा त्यात लपलेली असते.

या तिन्ही आक्षेपांस उत्तर द्यावयाचे ते केवळ तर्काने देऊ नये. आपल्या मार्गाच्या इतिहासात एक काळ असा येऊन गेला की ज्यात शोक, मौन व निर्मिती ही तिन्ही एकाच ठिकाणी, एकाच आचार्यांच्या ठायी एकवटली होती. म्हणून प्रथम तो प्रसंग पाहू.

ऋद्धिपूरचा प्रसंग

तेराव्या शतकाच्या आठव्या दशकात सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. त्यापूर्वी या गंगातीराच्या प्रदेशात त्यांचा दीर्घ संचार झाला होता. आजच्या छत्रपती संभाजीनगरापासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेले पैठण म्हणजे ते प्रतिष्ठान, आणि सुमारे ३० किलोमीटरवरचे वेरूळ म्हणजे ते एलापूर, जेथे स्वामींचे दहा महिने अवस्थान झाल्याचे लीळाचरित्र सांगते. या भूमीत ज्यांनी प्रत्यक्ष सन्निधान अनुभवले, त्यांच्यावर एकाएकी असन्निधानाचा काळ आला. डोळ्यांना सवय झालेली मूर्ती दिसेनाशी झाली. ज्यांच्या एका शब्दाने शंका फिटत तो शब्द थांबला.

स्वामींच्या आज्ञेप्रमाणे आचार्य श्रीनागदेव व इतर भक्तजन विदर्भात ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. तेथील वाजेश्वरीच्या परिसरात भटोबास एकान्ती बसून असत. परंपरा सांगते की एके दिवशी म्हाइंभटांनी त्यांना असे बसलेले पाहिले आणि आपण काय करीत आहात असे विचारले. आपण स्वामींच्या लीळांचे मनन करीत आहोत, असे भटोबासांनी सांगितले. त्यावर म्हाइंभटांना जे सुचले त्याचे फळ म्हणजे मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ होय. हे मनन तुमच्यापुरते राहिले तर पुढे येणाऱ्यांनी काय करावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

येथे म्हाइंभट कोण होते याचे स्मरण ठेवावे. सराळ्याचे हे विद्वान एके काळी आपल्या पांडित्याचा अभिमान घेऊन स्वामींशी वाद करण्यास आले होते, आणि नम्र होऊन परतले होते. असा मनुष्य आता आपली विद्या बाजूस ठेवून इतरांच्या तोंडून लीळा ऐकण्यास बसला. भटोबासांनी सांगितल्या त्या त्यांनी लिहून घेतल्या. तेवढ्यावर न थांबता ज्या ज्या व्यक्तीला जी जी लीळा ठाऊक होती, तिच्यापर्यंत ते गेले. एकाने सांगितलेले दुसऱ्याकडून पारखून घेतले. जेथे दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तेथे एकीचा बळी देऊन दुसरी सजविली नाही. दोन्ही नोंदविण्याची पद्धत मार्गात रूढ झाली. आपल्या पोथ्यांतून ‘वासना’ म्हणून जे पाठभेद आढळतात ते या प्रामाणिकपणाचेच चिन्ह होय.

शोकाने काय केले?

आता पहिल्या आक्षेपाकडे वळू. भटोबासांचे दुःख हा मोह होता काय? नव्हता, असेच कोणीही साधनवंत म्हणेल. कारण त्याचा विषय परमेश्वरावतार होता. परमेश्वराच्या वियोगाचे दुःख जीवाला बांधीत नाही. परंतु ‘विषय थोर म्हणून दुःख थोर’ एवढेच उत्तर देऊन थांबलो तर त्या मातेला देण्यासारखे आपल्या हाती काहीच उरत नाही. म्हणून विषय बाजूस ठेवून त्या दुःखाची रीत पाहावी.

मोहाने व्याकुळ झालेला मनुष्य गेलेले परत मागतो. ते मिळत नाही म्हणून तो उरलेल्यावर रागावतो, अथवा उरलेले सर्व नाकारून स्वतःच्या आत कोंडून घेतो. त्याच्या बोलण्यात ‘मी’ वाढत जातो आणि गेलेली व्यक्ती हळूहळू लहान होत जाते. वर्षभराने पाहावे तो त्याला स्वतःचे दुःख तेवढे आठवते. ज्याच्यासाठी दुःख केले त्याचे हसणे, चालणे, बोलणे विसरलेले असते.

ऋद्धिपूर येथे नेमके याच्या उलट घडले. लीळाचरित्रात सांगणाऱ्यांचे अश्रू फारसे दिसत नाहीत. स्वामी कोठे बसले, कोणास काय म्हणाले, कोणी कोणता उपहार आणला, कोणाची शंका कशी फिटली, हेच दिसते. लिहिणारा मागे सरला आहे आणि ज्याचा वियोग झाला तो पुढे आला आहे. आपल्या शास्त्रात नाम, लीळा, मूर्ती व चेष्टा यांचे स्मरण सांगितले आहे. या स्मरणाचा गुण असा की त्यात स्मरण करणारा विरून जातो व स्मरणाचा विषय स्पष्ट होतो. मोह ‘मला परत द्या’ म्हणतो. स्मरण ‘तुम्हीही घ्या’ म्हणते. शोक कोणत्या वाटेने चालला आहे हे ओळखण्याची ही पहिली कसोटी होय.

दुसरी कसोटी सत्याची. दुःखी मनुष्य गेलेल्याला सजवितो. न केलेले गुण त्याच्या अंगी लावतो, झालेले वाद विसरतो. म्हाइंभटांनी पडताळा घेतला तो याच दोषाच्या निवारणासाठी. ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याच्याविषयी खरे तेच सांगणे ही प्रेमाची कठीण परीक्षा आहे.

दुसरा वियोग

तिसरी कसोटी काळाने घेतली. चौदाव्या शतकाच्या प्रारंभी दक्षिणेवर खिलजींच्या स्वाऱ्या झाल्या. त्या धामधुमीत, परंपरेनुसार, म्हाइंभटांची मूळ पोथीच नष्ट झाली. पहिला वियोग स्वामींचा. तो सोसून जे अक्षरांत साठविले त्याचाही हा दुसरा वियोग. कागद हाच आधार असता तर मार्ग तेथेच मुका झाला असता.

परंतु लीळा कागदावर जाण्यापूर्वी व गेल्यानंतरही कंठांत होत्या. ज्यांना जेवढे मुखोद्गत होते त्यांनी तेवढे पुनः सांगितले व त्यातून वेगवेगळे पाठ सिद्ध झाले. त्यातील एक पाठ हिराइसेच्या नावाने ओळखला जातो, ही गोष्ट आपल्या वासनिक भगिनींनी अवश्य ध्यानी ठेवावी. ज्या काळी स्त्रीने शास्त्र ऐकण्यासही समाज राजी नव्हता, त्या काळी एका स्त्रीच्या स्मृतीवर ग्रंथाचा एक पाठ उभा राहिला. एकाने मौनात राखलेले त्याच्याबरोबर गेले असते. अनेकांना दिलेले होते म्हणून उरले.

विजन आणि संवाद

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर यातूनच मिळते. विजनाचे शासन खरे आहे व ते शिथिल करण्याचा अधिकार कोणास नाही. परंतु विजन कशासाठी? स्मरणासाठी. एकाकी वृक्षाखाली बसलेला साधक जगापासून दूर असतो; परमेश्वराशी मात्र तो बोलत असतो. त्याचे मौन बाहेरून रिकामे दिसले तरी आतून भरलेले आहे. दुःखाने गोठलेल्या माणसाचे मौन बाहेरून तसेच दिसते. आत मात्र काहीच चालत नाही. दोघांना एकच उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला आणि व्रतस्थाला एकाच पंक्तीत ‘जेवू नका’ म्हणण्यासारखे आहे.

शिवाय असन्निधानाच्या काळासाठी आपणास स्थान, प्रसाद, भिक्षू व वासनिक ही साधने सांगितली आहेत. यांपैकी स्थान व प्रसाद या जड वस्तू आहेत. भिक्षू व वासनिक ही माणसे आहेत. परमेश्वर दृष्टीआड झाल्यावर ज्यांच्या आधाराने राहावयाचे त्यांत निम्मा वाटा माणसांचा आहे! चौदाव्या शतकात स्थानपोथी रचली गेली ती स्वामींच्या चरणस्पर्शाने पुनीत झालेली ठिकाणे पुढील पिढ्यांना दाखविण्यासाठीच. परंतु दगडाचे स्थान स्वतः बोलत नाही. ‘येथे स्वामी बसले’ असे सांगणारा कोणी जवळ असावा लागतो, तेव्हाच ते स्थान होते.

आपल्या जिल्ह्यातील लोकांना हे निराळ्या रीतीनेही ठाऊक आहे. जायकवाडीचे धरण १९७६ साली पूर्ण झाले आणि नाथसागराखाली गोदाकाठची अनेक गावे गेली. ती माणसे दुसरीकडे वसली. दुष्काळी वर्षी पाणी ओसरले की जुन्या देवळाच्या पायऱ्या उघड्या पडतात, आणि म्हातारी माणसे नातवंडांना तेथे नेऊन ‘इथे आपले घर होते’ म्हणून चिखलाकडे बोट दाखवितात. नातवंडाला चिखलच दिसतो. परंतु सांगणारा आहे तोवर गाव पुरते बुडालेले नाही.

निर्मितीचा अधिकार

आता तिसरा आक्षेप, अहंकाराचा. तो खरा धोका आहे व मार्गाने तो कधी नाकारला नाही. भास्करभट्ट बोरीकरांचे ‘शिशुपालवध’ काव्य म्हणून कोणास आवडले नाही? तथापि परंपरा सांगते की बाइदेवबासांनी ते ऐकून काव्य उत्तम, परंतु निवृत्तांच्या उपयोगाचे नाही, असा अभिप्राय दिला. भास्करभट्ट रागावले नाहीत. त्यांनी पुढे भागवताच्या एकादश स्कंधावर ‘उद्धवगीता’ रचली. स्वतःच्या कौतुकाला पात्र झालेली निर्मिती बाजूस ठेवून दुसऱ्याच्या उपयोगाची निर्मिती हाती घेणे, हा त्या अहंकारावरील उपाय होता.

महदंबेचे उदाहरण याहून साधे आहे. ती बालविधवा, घरसंसाराची वाट तिच्यासाठी फार आधीच मिटलेली. श्रीप्रभूंच्या सन्निधानात विवाहाची गाणी म्हणण्याचा प्रसंग आला तेव्हा तिने ‘धवळे’ गाइले. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून आज तिचा गौरव होतो. परंतु ती कवयित्री होण्यासाठी गाइली नव्हती. सांगितले म्हणून, आणि समोर ऐकणारे होते म्हणून, गाइली. जिच्या वाट्याला स्वतःच्या संसाराचे सुख आले नाही, तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे मंगल गावे, यातील अर्थ विद्वानांनी फार उलगडून सांगावा असा नाही. तो ऐकताच कळतो.

आणि निर्मिती कोणासाठी, याचा निर्णय तर भटोबासांनीच दिला. केशिराजबासांसारख्या संस्कृत पंडितालाही त्यांनी, स्वामींनी मला मराठीतच निरूपण केले आहे, संस्कृतात बोललात तर माझ्या म्हाताऱ्या वंचित होतील, या आशयाचे बजावले. पंडितांच्या मान्यतेपेक्षा त्या वृद्ध स्त्रियांना कळणे त्यांना महत्त्वाचे वाटले. ज्या निर्मितीच्या मुळाशी ‘माझ्या म्हाताऱ्यांना कळावे’ ही कळकळ आहे, तिला अहंकार म्हणता येणार नाही.

राखणारे मौन

येथे एक उपशंका संभवते. आपल्याच मार्गाने पुढे सकळ, सुंदरी आदी लिपींत ग्रंथ बंद करून ठेवले. मग हे सर्वांस सांगण्याचे तत्त्व कोठे राहिले? याचे उत्तर प्रांजळपणे द्यावे. तो काळ पोथ्या गमावण्याचा व मार्गाची अवहेलना होण्याचा होता. जे प्राणापलीकडे जपावयाचे ते अविश्वासू हाती पडू नये म्हणून लिपीचे कुलूप लावले. ते राखणारे मौन होते आणि त्यानेच सातशे वर्षांपूर्वीची मराठी आजपर्यंत आणून पोचविली. परंतु प्रत्येक कुलपाला किंमत असते. बाहेरच्यांना आत काय आहे ते कळेना आणि न कळलेल्याविषयी लोक वाटेल ते बोलू लागले. १९१० च्या सुमारास इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा प्रसिद्ध केला. पुढे मार्गातील महंतांनीही पोथ्या अभ्यासकांस दाखविल्या. आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे पहिले प्रकरणच नव्याने लिहावे लागले. १९९२ साली ‘स्मृतिस्थळ’ इंग्रजीत गेले तेव्हा ॲन फेल्डहाउस व शं. गो. तुळपुळे यांनी त्या अनुवादास ‘परमेश्वराच्या अनुपस्थितीत’ अशा अर्थाचे नाव दिले. सातासमुद्रापलीकडील वाचकालाही त्या ग्रंथाचा गाभा वियोग हाच आहे हे उमगले. तात्पर्य, राखणारे मौनही अखेर कोणाला तरी द्यावयाचे म्हणूनच राखलेले असते.

पुनः त्या ओसरीवर

आता कोणी म्हणेल की, भटोबासांचे स्मरण ईश्वराचे होते आणि त्या मातेचे पुत्राचे. दोहोंची तुलनाच अयोग्य आहे. मान्य आहे. पुत्रस्मरणाने मोक्ष मिळतो असे येथे कोणी म्हणत नाही. परंतु गोठलेल्या चित्ताला नामही धरता येत नाही, हे तितकेच खरे आहे. मार्गावर चालण्यासाठी प्रथम हालचाल हवी. ज्या जीवाची वाचा परत येते त्याचे नामस्मरणही परत येऊ शकते. ज्याला आपण गप्प केले त्याच्याकडून आपण दोन्ही हिरावून घेतो.

म्हणून लेखक तिसऱ्यांदा त्या घरी गेला तेव्हा त्याने उपदेश केला नाही. ‘आई, मुलाविषयी काही सांगा,’ एवढेच म्हटले. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, ‘त्याला शेवटच्या घासाला ताक लागायचे. अजूनही माझ्या हातून एक पेला जास्त भरला जातो. कुणाला दिसू नये म्हणून मी तो परत ओतते.’ त्यानंतर ती दोन घटका बोलत होती. त्याचा हट्टीपणा, बापाशी झालेले भांडण, शेतातल्या विहिरीचे अपुरे काम, सारे तिने सांगितले. तिचे यजमान दाराशी उभे राहून ऐकत होते. एका ठिकाणी त्यांनी, ‘नाही, ते त्या साली नव्हे, पुढच्या साली,’ अशी दुरुस्ती केली आणि तिने ती मानली. दोन वर्षांत त्या घरात एका गोष्टीविषयी दोघे बोलल्याचे ते पहिलेच उदाहरण असावे.

उठताना तिने विचारले, ‘बाबा, तो पेला भरणे मोहच ना?’ लेखक म्हणाला, ‘असेल. पण तो परत ओतू नका. दाराशी येणाऱ्या भिक्षूला द्या.’ ती काही बोलली नाही. निघताना ताकाचा पेला मात्र तिने पुढे केला, आणि तो घेताना लेखकाला आपल्या पहिल्या उत्तरातील उणेपण समजले.

उपसंहार

यावरून आचाराच्या दृष्टीने दोन गोष्टी निष्पन्न होतात. साधनवंताने दुःखिताच्या घरी गेल्यावर सिद्धान्त सांगण्याची घाई करू नये. प्रथम ऐकावे, कारण म्हाइंभटांनीही प्रथम ऐकलेच. वासनिकाने आपल्या दुःखाविषयी खरे तेवढे बोलावे, जे आठवते ते कोणाला तरी द्यावे, आणि बोलता बोलता ज्या ठिकाणी शब्द संपतात तेथून नामाचा आरंभ करावा. त्या ठिकाणचे मौन विहित आहे. त्याआधी लादलेले मौन विहित नाही.

ज्या ऋद्धिपुरात एक आचार्य वियोगाने एकान्ती बसले होते, तेथे २०२३-२४ या काळात मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले. त्या वास्तूच्या मुळाशी एका माणसाने दुसऱ्याला विचारलेला ‘आपण काय करीत आहात?’ हा प्रश्न आहे. आपल्या शेजारी कोणी असाच गप्प बसलेला असेल, तर हा प्रश्न विचारण्यास आपणही चुकू नये, एवढीच विनंती.

सर्व साधनवंतांस व वासनिकांस दंडवत प्रणाम.